भाजीचं पाणी ओतून देताना

मामाला पहिल्या डायलिसिसनंतर घरी आणलं, त्या संध्याकाळी शेजारच्या काकू शहाळं घेऊन आल्या. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही आणि शहाळ्याइतकं निर्धोक दुसरं काही नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. मामीनं ते हसून ठेवून घेतलं आणि काकूंची पाठ वळल्यावर आम्हा भाचरांना वाटून टाकलं. मामा पलंगावरून ते बघत होता. "आता शहाळंसुद्धा विष झालं म्हणायचं," एवढंच तो बोलला आणि कुशीवर वळला.

रसायनशास्त्राच्या हिशेबानं त्याचं म्हणणं फार चुकीचं नव्हतं. एका शहाळ्याच्या पाण्यात एका केळ्याइतकं तरी पोटॅशिअम असतं. धडधाकट मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशिअम लघवीवाटे काढून टाकतात. ती थकली की ते रक्तात साचतं आणि फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. हे काम मग यंत्रावर येतं, पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास धरले तरी १६८ तासांपैकी यंत्र चालतं फक्त १२ तास. उरलेले १५६ तास स्वयंपाकघरानं सांभाळायचे. म्हणून पोटॅशिअमसाठी शहाळं आणि टोमॅटो, फॉस्फरससाठी दूध आणि चीज, सोडिअमसाठी लोणचं आणि पापड, असं एकेक पानातून उठत जातं. वर पाणीही मोजून. लघवी जवळजवळ बंद झाली असेल तर दिवसाला लिटरभर किंवा त्याहूनही कमी, आणि त्यातच चहा, ताक, आमटी सगळं आलं.

घरचे म्हणतात, "जिभेवर ताबा ठेव." या वाक्याइतकं रुग्णाला एकटं पाडणारं दुसरं वाक्य नसेल, कारण इथे भांडण जिभेशी नसतंच.

तहान कुठून येते?

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसजवळ, रक्ताची दाटी मोजणाऱ्या पेशी असतात. रक्तातल्या क्षारांची दाटी टक्का-दोन टक्क्यांनी वाढली तरी त्या तहानेची हाक देतात. शरीरातलं पाणी साधारण लिटरला नऊ ग्रॅम मिठाइतकं खारट असतं. म्हणजे नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं आणि बाहेर पडायला वाट नसली, तर ते पातळ करायला शरीर एक लिटर पाणी मागणार. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. सकाळच्या पोह्यांसोबत शेव, दुपारी लोणच्याची फोड आणि पापड झाला, तर संध्याकाळपासून पेल्याकडे जाणारा हात हा मनाचा दुबळेपणा नाही. ते मिठाचं देणं आहे. मधुमेह्याची रक्तशर्करा चढलेली असेल तर तीही अशीच पाणी मागते.

मामा रोज सकाळी एक बाटली भरायचा आणि घोट घेतला की तेवढंच पाणी तिच्यातून कमी करायचा. दुपारी तीनला बाटली संपली की त्याचा चेहरा पडायचा. नर्सनं सांगितल्यावर तो बर्फाचा लहानसा खडा चोखू लागला. आम्हाला ती समजूत काढण्याची युक्ती वाटली होती. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं, की तहानेच्या चेतापेशी पाणी रक्तात पोचण्याची वाट बघत नाहीत. तोंडातूनच येणाऱ्या खुणांवर त्या शांत होऊ लागतात आणि त्यासाठी नुसता तोंडातला गारवाही पुरतो. थोड्या पाण्यात मोठी तहान भागवायची ही सोय शरीरातच आहे. फक्त वितळलेला बर्फ बाटलीच्या हिशेबात धरायचा.

जिभेचंही तसंच. १९८२ मध्ये अमेरिकेत काही तरुणांना पाच महिने कमी मिठाच्या जेवणावर ठेवलं, तेव्हा त्यांना आवडणारा खारटपणाच दोन-तीन महिन्यांत खाली आला. म्हणजे सुरुवातीचे आठवडे सर्वांत वाईट. "आयुष्यभर असंच अळणी?" हा प्रश्न ज्या दिवसांत छळतो, नेमके तेच दिवस तात्पुरते असतात.

सगळ्या 'नाहीं'चं वजन सारखं नसतं

फ्रिजवर चिकटवलेल्या यादीत सगळे पदार्थ एका रांगेत उभे असतात. त्यामुळे टोमॅटोची एक फोड खाल्ली तरी मोठा गुन्हा केल्यासारखं वाटतं. त्यातले काही नकार मात्र खरोखर पक्के. कोकणात आणि गोव्यात मिळणारं करंबळ त्यातलं एक. त्यातलं कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्य निकामी मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत. ते मेंदूवर परिणाम करतं. न थांबणाऱ्या उचकीपासून फिट येण्यापर्यंत आणि प्रसंगी जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाते. दुकानातलं 'लो सोडिअम' मीठही तसंच. त्यात सोडिअमच्या जागी बरेचदा पोटॅशिअम क्लोराइड घातलेलं असतं.

बाकीच्या नकारांशी वाटाघाटी होऊ शकतात. बटाट्यातलं पोटॅशिअम पाण्यात उतरतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बटाट्याच्या फोडी उकळल्यावर ते निम्म्यानं, तर किसून उकळल्यावर सुमारे पाऊण हिश्शानं कमी झालं. नुसतं पाण्यात भिजत ठेवून मात्र फारसा फरक पडला नाही. मामी रोज रात्री भाजी चिरून भिजत घालायची. ते कष्ट वाचले असते. तिला खरा त्रास व्हायचा ते उकळलेलं पाणी मोरीत ओतताना. "यात सगळं सत्त्व असतं," हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. तेच सत्त्व आता नवऱ्याच्या जिवावर उठलेलं. पथ्य आजाऱ्याचं असतं, पण त्यात रांधणारीचं आयुष्यभराचं ज्ञानही उलटं होतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

सल्लेही बदलतात. डायलिसिसपूर्वी "डाळ, अंडी कमी" असं बजावतात. ते सुरू झालं की "प्रथिनं वाढवा" म्हणतात, कारण यंत्र कचऱ्याबरोबर अमिनो आम्लंही धुऊन नेतं. कारण न सांगता आलेला असा बदल रुग्णाला फसवणूक वाटतो. डाळी-कडधान्यांतलं फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषतं, पाकीटबंद पदार्थांत मिसळलेलं मात्र जवळजवळ पूर्ण, हे कळल्यापासून याद्या थोड्या सैलही झाल्या आहेत. म्हणून दर रक्ततपासणीनंतर आहारतज्ज्ञांना विचारावं, "यातलं आता काय परत देता येईल?" उत्तर कधी 'काही नाही' असेल. पण विचारण्याची सोय असली की यादी जन्मठेपेसारखी वाटत नाही.

मनाचीही तपासणी हवी. डायलिसिसवरच्या पाचांपैकी एकाला तरी नैराश्य गाठतं, असं अभ्यास सांगतात. जेवणावरची वासना उडाली, तर ती रक्तात युरिया साचल्याची खूण असू शकते आणि नैराश्याचीही. 'रुसलाय' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

मामाला सर्वांत जास्त काय बोचायचं? लोणचं नव्हे, त्याच्यासाठी वेगळ्या चुलीवर ठेवलेलं छोटं पातेलं. सगळ्यांच्या आधी जेवून तो आत जायचा. दिवाळीत आजीनं यावर तोड काढली. आमटी-भाजी सगळ्यांचीच अळणी केली आणि पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे मीठ वाढतात तिथे, प्रत्येकाला मीठ वाढलं. मामाच्या पानात तिथे लिंबाची फोड होती. मीठ वेगळं वाढायची जागा आपल्या पानात पहिल्यापासून होतीच, आम्ही ती शोभेची करून ठेवली होती.

त्या दिवशी मामा पंगत उठेपर्यंत बसून राहिला. मध्येच माझ्या पानाकडे बघत म्हणाला, "मीठ जपून घे रे. मग पाणी पाणी करशील."