पेडल, जोडणी आणि उशिरा आलेली पत्रे

गाडी आपोआप वेग घेते, ही धास्ती ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली ती फेब्रुवारी २०१० मध्ये. आयगो, यारिस, ऑरिस, अव्हेन्सिसपासून आरएव्ही-४ पर्यंत १,८०,८६५ गाड्या टोयोटाने दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ऑरिस आणि अव्हेन्सिस तर डर्बीशरमधल्या बर्नास्टन कारखान्यात, इथल्याच कामगारांच्या हातून तयार झालेल्या.

दोष यांत्रिक होता. जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल ओढली जायची, त्यामुळे पायाला विरोध जाणवायचा. इलेक्ट्रॉनिक पेडलला केबल नसते. म्हणून तो विरोध घर्षणाने मुद्दाम निर्माण केलेला. हा घासणारा भाग झिजला, त्यावर दमटपणा साचला, की पेडल सावकाश वर येई. क्वचित दाबलेल्या जागीच अडके. उपाय निघाला तो एका छोट्या पोलादी पट्टीचा.

टोचतात त्या तारखा. पेडल अडकण्याच्या तक्रारी युरोपातून आल्या होत्या आणि २९ सप्टेंबर २००९ रोजी कंपनीने ३१ युरोपीय देशांतल्या व कॅनडातल्या वितरकांना दुरुस्तीची पद्धत कळवलीही होती. अमेरिकेत रिकॉल झाले जानेवारी २०१० मध्ये. या दिरंगाईबद्दल तिथल्या नियामकांनी १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड मागितला आणि कंपनीने तो भरला. ब्रिटनमधल्या चालकाला मात्र वितरकांना ठाऊक असलेली गोष्ट चार महिन्यांनी कळली. ज्याचा पाय त्या पेडलवर, त्यालाच सर्वांत शेवटी सांगायचे, हे मला अक्षम्य वाटते.

टोयोटाच्या गाड्या वेग घेण्यामागे इलेक्ट्रॉनिक्सचा दोष असावा, हा संशय पुढेही राहिला. नासाच्या अभियंत्यांना फेब्रुवारी २०११ च्या अहवालात तसा दोष सापडला नाही. न्यूकॅसलचे विद्युत अभियंते डॉ. अँटनी अँडरसन यांनी मात्र अधूनमधून सुटणाऱ्या विद्युत जोडण्यांचा मुद्दा लावून धरला. असा दोष क्षणभर येतो आणि तपासणीत खूण सोडत नाही, हे त्यातले अवघड दुखणे.

वेगाची गोष्ट निराळी. पण खराब जोडणीमुळे धावती गाडी बंद पडू शकते, हे बीएमडब्ल्यूच्या प्रकरणात दिसले. बॅटरीकडून फ्यूजबॉक्सकडे जाणारी जोडणी बिघडली की गाडीचा वीजपुरवठाच तुटे: इंजिन बंद, मागचे ब्रेक-दिवे आणि धोक्याचे दिवेही बंद. अंधाऱ्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला ती दिसणार कशी? २०१६ च्या नाताळच्या दिवशी सरे परगण्यात अशीच बंद पडलेली गाडी चुकवताना दुसरी गाडी झाडावर आदळली आणि तिच्यातला एक माणूस मरण पावला.

अमेरिकेत याच बिघाडासाठी २०१३ मध्येच लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये ३६,४१० पेट्रोल गाड्यांना बोलावणे आले आणि मे २०१८ मध्ये, मृत्यूची न्यायिक चौकशी व बीबीसीच्या ‘वॉचडॉग’चा तपास झाल्यावर, डिझेल गाड्यांसह आकडा सुमारे ३,१२,००० वर गेला. म्हणजे टोयोटाच्या वेळी युरोपातली माहिती अमेरिकेत उशिरा पोहोचली, बीएमडब्ल्यूच्या वेळी अमेरिकेतली ब्रिटनला. समुद्र दोन्ही वेळा तोच. कंपनीही दोन्हीकडे एकच असताना ही माहिती अडली कुठे?

यातल्या अनेक गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतील. ब्रिटनमध्ये नव्याने आलेली आपली मराठी कुटुंबेही पहिली गाडी बहुधा सेकंडहँडच घेतात. सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकली की त्या गाडीचे रिकॉल बाकी आहे का ते फुकट तपासता येते. पैसे देण्याआधी ते पाहावे आणि विक्रेत्याकडे दुरुस्तीचा कागद मागावा.