बर्फ वाफेला प्रार्थना कशी करेल?

हा भाग रेकॉर्ड केला तेव्हा माझा घसा बसला होता, त्यामुळे जे नीट ऐकू आलं नसेल ते इथे वाचा. बोलताना येणारं 'म्हणजे', 'बघा ना' थोडं काढलंय, सगळं नाही.

मी एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो आणि रविवारी मंडळीत तरुण संघाचा सेक्रेटरी असतो. रविवारी हे नुसतं म्हणायला. मंगळवारी गायनाची प्रॅक्टिस, गुरुवारी घरगुती प्रार्थनासभा, शुक्रवारी कॅम्पच्या पैशांचा हिशेब, शनिवारी साउंड चेक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चोवीस तास. कोण येणार, कोण नाही, वडापाव किती सांगायचे, माइकचे सेल कोणी नेले. बायबल उघडायचो, पण कशासाठी? तर पुढच्या भक्तीत पाच मिनिटं काय बोलायचं ते शोधायला. बग आला की तेवढाच कोड उघडून बघतो ना आपण, तसं.

आणि गंमत म्हणजे मी या सगळ्यात पडलो ते थिऑलॉजीमुळेच. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला, उद्या पेपर असताना, हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत मी निकेयाच्या परिषदेबद्दल वाचत बसायचो. थिऑलॉजी म्हणजे ईश्वरविज्ञान. देव कोण आहे, हे नीट विचार करून, नीट शब्दांत मांडणं. तेव्हा त्याचं वेड होतं. कधी गेलं ते कळलंच नाही.

कळलं ते एका रविवारी. शब्बाथ शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना मी त्रैक्य शिकवत होतो. नेहमीचं उदाहरण दिलं: पाणी, बर्फ, वाफ. एकच वस्तू, तीन रूपं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तसंच. मुलांनी माना डोलावल्या. एक मुलगी मात्र म्हणाली, "दादा, मग गेथशेमाने बागेत येशू कोणाला प्रार्थना करत होता? बर्फ वाफेला प्रार्थना कशी करेल?"

मी म्हणालो, "ते गूढ आहे, बेटा." आणि घड्याळ बघितलं, कारण उपासनेआधी प्रोजेक्टर लावायचा होता.

प्रोजेक्टर लावताना फार लाज वाटली. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उदाहरण चूक. नुसतं अपुरं नाही, चूक. तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेल्लियस नावाचा एक शिक्षक होता. एकच देव कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, हे मत त्याच्या नावाने ओळखलं जातं. म्हणजे नट एक, मुखवटे तीन. चर्चने ते नाकारलं, आणि त्याचं कारण जवळपास त्या मुलीचंच होतं. शुभवर्तमानात पुत्र पित्याशी बोलतो, पिता पुत्राला पाठवतो. मुखवटे एकमेकांशी बोलत नाहीत. तिने १८०० वर्षं जुना बग पाच सेकंदांत पकडला आणि मी तिकीट 'गूढ' म्हणून बंद करून टाकलं!

त्या रात्री बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचायला बसलो.

दुसऱ्या टोकाला आलेक्सांद्रियाचा अरियस होता. त्याचं म्हणणं, पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण निर्माण केलेला आहे. असं मानलं तर प्रार्थनेचा प्रश्न लगेच सुटतो: धाकट्याने मोठ्याला प्रार्थना केली. पण मग दुसरंच मोडतं. ज्याने आपल्याला वाचवलं तो देव नाही, देवाने पाठवलेला कोणीतरी आहे, असं होतं. म्हणून ३२५ साली निकेयात बिशप जमले आणि त्यांनी एक ग्रीक शब्द विश्वासांगीकारात घातला: होमोऊसिओस. पुत्र आणि पिता तत्त्वाने एकच. पुढे काही जण 'होमोइऊसिओस', म्हणजे तत्त्वाने सारखा, असं म्हणायला लागले. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा. लोक हसतात की एका अक्षरावरून एवढं भांडण. पण कोडमध्ये एका अक्षराने काय होतं हे ज्याने रात्री अकराला प्रॉडक्शनवर बघितलंय, तो नाही हसणार.

मग उत्तर काय? बसिल आणि दोन्ही ग्रेगरी यांनी त्याच शतकात भाषा बसवली: तत्त्व एक, व्यक्ती तीन. 'काय आहे?' असं विचारलं तर उत्तर एकच, देव. 'कोण आहे?' असं विचारलं तर पिता, पुत्र, आत्मा. इथे मराठीत एक अडचण आहे. 'व्यक्ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन आधार कार्डं येतात, तीन वेगळी माणसं. तसं त्यांना म्हणायचं नव्हतं. वेगळेपण आहे ते फक्त नात्यात: पिता पुत्राचा पिता आहे, पुत्र पित्याचा पुत्र आहे. हे नातं अनादि आहे. म्हणजे जग निर्माण व्हायच्या आधीही देव एकटा बसलेला नव्हता. तिथे प्रेम होतंच. आणि पुत्र जेव्हा खरा माणूस झाला, तेव्हा तेच नातं माणसाच्या आवाजात, घाम गाळत, बागेत ऐकू आलं. गेथशेमानेची प्रार्थना हे नाटक नव्हतं.

हे वाचून मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हॉस्टेलवर मारायचो तशा.

आता वेळेचं. मला वाटायचं की असं वाचायला मठात राहणारे लोक लागतात. अगस्तीनचं चरित्र बघा मग. ३९१ साली तो हिप्पोला, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाला, गेला होता आणि तिथल्या लोकांनी त्याला धरून जवळपास जबरदस्तीने पाळक केलं. पुढे बिशप झाला. बिशपकडे तेव्हा दिवाणी भांडणंही यायची, त्यामुळे सकाळपासून लोक आपापले तंटे घेऊन दारात. त्यातच त्याने त्रैक्यावरचे पंधरा खंड लिहिले, त्याला वीसेक वर्षं लागली. मधेच, बाराव्या खंडाचं काम पूर्ण व्हायच्या आतच, मित्रांनी त्याला न विचारता हस्तलिखित नेऊन नकला केल्या. टेस्टिंग न झालेली ब्रांच कोणीतरी परस्पर डिप्लॉय करावी तसं. तो इतका वैतागला की काम सोडून दिलं आणि लोकांनी आग्रह केल्यावरच पूर्ण केलं. मंडळीने त्याला आठवड्याचे पाच दिवस अभ्यासाला मोकळे द्यायचं कबूल केलं होतं. थोडे दिवस पाळलं, मग पुन्हा दारात गर्दी. शेवटी ४२६ साली, सत्तरी उलटल्यावर, त्याने पुढचा बिशप नेमला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आता कामं याच्याकडे न्या. मला हे वाचून फार बरं वाटलं. पाच दिवस त्यालाही नाही मिळाले.

आपल्याकडचं उदाहरण थॉमस स्टीफन्सचं. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि साष्टीत वर्षानुवर्षं पाळकाचं काम करत राहिला, तिथल्या कॉलेजचा रेक्टरही होता. तेवढ्यात त्याने मराठीत जवळपास ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली राचोलला छापलं गेलं. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटलं. तो शब्द घ्यावा का, हाच केवढा थिऑलॉजीचा प्रश्न आहे! समोरच्या माणसाला कळेल असा शब्द शोधताना तुम्हाला विचार करावाच लागतो. काम आणि अभ्यास त्याच्याकडे वेगळे नव्हते.

मी काय केलं? फार काही नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. विधवांच्या रोजच्या जेवणवाटपावरून तक्रार झाली तेव्हा प्रेषितांनी लोकांना सात जण निवडायला सांगून ते काम त्यांच्याकडे सोपवलं. मी साउंडचं काम दोन कॉलेजच्या पोरांना दिलं. पहिल्या रविवारी माइक शिट्टी मारत होता आणि मी बाकावर हात दाबून बसलो. हे काम कमी दर्जाचं असं मात्र कोणी समजू नका. त्या सातांतलाच स्तेफन पुढच्याच अध्यायात प्रेषितांच्या कृत्यांमधलं सगळ्यात लांब भाषण करतो. आमची पोरं काय करतील, बघू.

शनिवारची सकाळ आता माझी आहे. फोन दुसऱ्या खोलीत. कमिटीतल्या एका वडिलांनी विचारलं, "हल्ली ग्रुपवर उत्तर लवकर येत नाही तुमचं?" मी सॉरी म्हणालो, पण फोन तिथेच ठेवला.

दोन आठवड्यांनी त्या मुलीला गाठलं आणि वर्गासमोर सांगितलं की माझं उदाहरण चुकीचं होतं. मग वर जे लिहिलंय ते सांगितलं, जरा सोपं करून. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "बरं दादा, पण मग यात पवित्र आत्मा कुठे आहे? तुम्ही पिता आणि पुत्राबद्दलच बोललात."

पवित्र आत्म्यावर बसिलचं एक पुस्तक आहे. पहिली तीस पानं झालीत. बाकीचं पुढच्या भागात.