कांद्याला चाळ आहे, म्हातारपणाला काय?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक मावशी उशिरा आल्या. त्यांचं वय बासष्ट. बसल्या बसल्या म्हणाल्या, "ताई, माझं नाव कमी करा गटातून. सासूबाई आता जागेवरून उठत नाहीत. त्यांना टाकून निंदणीला जाता येत नाही. मजुरी नाही, तर हप्ता कशातून भरू?"

सासूबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली. मुलगा सातपूरला कंपनीत, सून आणि नातवंडं तिकडंच. म्हणजे घरात एक म्हातारी दुसरीला सांभाळते आहे.

मी बैठकीत विचारलं, "कुणाकुणाच्या घरी साठीच्या पुढचं माणूस आहे?" बहुतेक सगळ्यांचे हात वर झाले. मग विचारलं, "आणि तुम्ही त्या वयाला पोचाल तेव्हा तुमच्याकडं कोण बघणार?" त्यावर कुणीच बोललं नाही. आज मला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

आधी हे असं का झालं, ते बघू. पहिलं कारण आनंदाचं आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशात माणसाचं सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. लसी आल्या, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, लहान मुलं जगू लागली. दुसरं कारण म्हणजे मुलं कमी झाली. आपल्या आज्यांना सहा-सात लेकरं असायची. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली. लोकसंख्या आहे तेवढी राहायला हा आकडा २.१ लागतो. म्हातारी माणसं वाढली आणि त्यांच्यामागची तरुण फळी बारीक झाली. यालाच लोकसंख्येचं वार्धक्य म्हणतात.

२०११ च्या जनगणनेत देशात शंभरातले साधारण साडेआठ लोक साठीच्या पुढचे होते. महाराष्ट्रात ते दहाच्या जवळ होते. २०५० पर्यंत देशात शंभरात वीस होतील, असा अंदाज आहे. जपान तर आपल्या फार पुढं आहे. तिथं शंभरातले जवळजवळ तीस लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. पण जपान आधी श्रीमंत झाला, मग म्हातारा झाला. आपल्याकडं हातात पैसा यायच्या आधीच केस पांढरे होत आहेत. शेतात राबणाऱ्याला पेन्शन नाही, रजा नाही, फंड नाही.

याचे परिणाम आपल्या निफाड तालुक्यात डोळ्यांसमोर दिसतात. पोरं नाशिकला, पुण्याला गेली. शेती साठीतला बाप आणि पन्नाशीतली आई करतात. कांदा लागवडीला आणि काढणीला घरचे हात पुरत नाहीत, मग सुरगाणा-पेठकडच्या टोळ्यांची वाट बघायची. बीपी, शुगर, गुडघे, मोतीबिंदू यांचा खर्च महिन्याचा झाला. पूर्वी दुखणं यायचं आणि जायचं, आता ते घरातच राहतं.

पण या सगळ्याचा भार बाईवर जास्त पडतो, आणि तो दोनदा पडतो. पहिल्यांदा सून म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं तीच करते, त्यासाठी मजुरी सोडते आणि त्या सोडलेल्या मजुरीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. दुसऱ्यांदा विधवा म्हणून. लग्नात बाई नवऱ्यापेक्षा लहान असते, आणि बाया जगतातही थोडं जास्त. म्हणून साठीपुढच्या बायांत जवळपास निम्म्या विधवा आहेत, पुरुषांत विधुर त्या मानानं फार थोडे. नवऱ्याचं शेवटपर्यंत बायको करते. बायकोचं करायला मात्र नवरा उरलेला नसतो.

तेव्हा तिच्या नावावर काय आहे, यावर तिचं म्हातारपण ठरतं. म्हणून आज चार गोष्टी सांगते. जमलं तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट नावाची. आपल्या शेजारच्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. गावोगावच्या हजारो बाया आल्या होत्या. पुढं याच संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्यानं जिवंतपणी, राजीखुशीनं जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. १९९२ मध्ये सरकारनंही सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचं परिपत्रक काढलं. इतकी वर्षं झाली, तरी आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? आजच घरी उतारा काढून बघा. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्या. "नुसती सही आहे" म्हणून आणलेला कागद कधीच नुसता नसतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. मुलगा-मुलगी सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वकील लागत नाही. महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते आणि निकाल साधारण ९० दिवसांत द्यायचा असतो. आणखी एक लक्षात ठेवा. मुलाला घर किंवा जमीन बक्षीस द्यायची असेल तर "तो आमचा सांभाळ करील" ही अट कागदात लिहा. मग सांभाळ केला नाही तर तो व्यवहार रद्द मागता येतो. यात लेकरावर अविश्वास नाही. बाजार समितीत आपण ओळखीच्या व्यापाऱ्याकडूनही पावती घेतोच की. अडल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकटचा मदत क्रमांक आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. ज्यांनी पासष्टी ओलांडली आणि ज्या गरीब आहेत त्यांना श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात. पासष्टीच्या आतल्या निराधार विधवांसाठी संजय गांधी योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. पगार सुरू झाला की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर तो बंद पडतो. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

तरुण बहिणींनो, हे तुमच्यासाठी. १८ ते ४० वयात अटल पेन्शन योजनेत नाव घालता येतं. आयकर भरणाऱ्यांना मात्र घेत नाहीत. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ११६ रुपये भरून साठीनंतर महिन्याला १००० मिळतात. ५७७ भरले तर ५०००. पस्तिसाव्या वर्षी त्याच १००० साठी १८१ भरावे लागतात. उशीर महाग पडतो. तीस वर्षांनी १००० रुपयांत आजच्याएवढं येणार नाही, हेही खरं. म्हणून झेपेल तेवढा वरचा टप्पा घ्या. पण स्वतःच्या नावावर येणारा पैसा हा वेगळाच आधार असतो.

चौथी गोष्ट वेळेची, आणि ती सरकार देऊ शकत नाही. म्हाताऱ्या माणसाला औषधाइतकीच सोबत लागते, आणि त्याला सांभाळणारीला सुट्टी लागते. ती आपण एकमेकींना देऊ शकतो.

आता त्या मावशींचं सांगते. त्यांचं नाव आम्ही कमी केलं नाही. गटातल्या दोघी, ज्यांना उन्हातलं काम आता झेपत नाही, आळीपाळीनं आठवड्यातले तीन दिवस सासूबाईंजवळ बसतात. त्या तीन दिवशी मावशी कामावर जातात. मजुरीतून थोडं त्या दोघींना देतात, आणि हप्ताही भरतात. सासूबाईंना श्रावणबाळ का मिळत नव्हतं, तेही कळलं. आधार कार्डावर वय बरंच कमी पडलं होतं. सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला काढला आणि अर्ज दिला. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या आधारवरचं साल आज जरूर बघा.

आणि म्हातारं माणूस म्हणजे नुसता खर्च, असं समजू नका. नातवंडं कोण सांभाळतं म्हणून सून कामाला जाऊ शकते? दाराशी गाय-शेळी कोण बघतं? हे काम मोजलं जात नाही, म्हणून ते दिसत नाही.

उन्हाळ कांदा आपण सगळाच काढल्या काढल्या विकत नाही. चाळीत भरतो, कारण पुढं पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात. चाळ मात्र कांदा काढायच्या आधी तयार असावी लागते. म्हातारपणाचंही तसंच आहे. पुढच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की प्रत्येकीनं तीनच प्रश्नांची उत्तरं द्यावीत. सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर माझं नाव आहे का? साठीनंतर माझ्या खात्यात पैसे कुठून येतील? मी पडले तर माझ्याजवळ कोण बसेल?

उत्तर नसेल तर गप्प बसू नका. आपला गट त्यासाठीच आहे.