हरवलेला मासा आणि पाण्याची साक्ष

सकाळी दिवे लागले, चिमूटभर खाद्य पाण्यात पडले, चार मासे झेपावत वर आले आणि पाचवा आलाच नाही. घरात खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा रीफ टँक ठेवणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. बहुतेकांचा हात मग थेट पाण्यात जातो. दगड उचलले जातात, वाळू उपसली जाते. ही घाई समजण्यासारखी असली तरी बहुधा हरवलेल्या माशापेक्षा उरलेल्या चौघांनाच ती महागात पडते. आधी पाण्याची साक्ष काढावी आणि दगडांना हात सर्वांत शेवटी लावावा, असे माझे म्हणणे आहे.

मुळात दिसेनासा झालेला मासा मेलेलाच असतो असे नाही. रॅस कुळातले कित्येक मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. नव्या टँकमध्ये आलेला रॅस बुजून काही दिवस वाळूबाहेर डोकेही काढत नाही. काही मासे कपारीत दडून राहतात. दिवे मालवल्यावर तासाभराने लाल प्रकाशाचा टॉर्च फिरवला, तर अशांचा पत्ता लागू शकतो. दुसरी शक्यता टँकबाहेरची. फायरफिशसारखा भित्रा मासा दचकला की उसळी मारतो आणि स्टँडच्या मागे, फरशीवर वाळून कोळ झालेला सापडतो. पाणी ओसंडून फिल्टरकडे जाते तो कप्पा आणि खालची फिल्टरची टाकीही पाहावी. एकही दगड न हलवता एवढा शोध घेता येतो.

मासा मेलाच असेल, तर टँकमधले सफाई कामगार आपल्या आधी तिथे पोचलेले असतात. ब्रिसल वर्म हे केसाळ किडे, शंखात राहणारे हर्मिट खेकडे, नासारियस गोगलगायी, ब्रिटल स्टार ही सगळी मंडळी दोन इंचांच्या माशाचा एका रात्रीत फडशा पाडू शकतात. उरलेले कुजते आणि त्यातून अमोनिया सुटतो. जुन्या, स्थिरावलेल्या टँकमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. चांगल्या मोठ्या टँकला लहानसे शव बहुधा जास्तीच्या खाद्यासारखेच पचते. याउलट दगड उपसताना प्रवाळ तुटतात, खाली साचलेला गाळ पाण्यात मिसळतो आणि उरलेले मासे भेदरतात.

‘पण शव कुजून पाणी विषारी झाले तर?’ हा आक्षेप खरा आहे. पाणी जितके अल्कधर्मी, तितका अमोनिया अधिक घातक. रीफ टँकचा पीएच ८.२च्या आसपास असतो. पीएच ७च्या पाण्याशी तुलना केली, तर तेवढ्याच अमोनियाचा विषारी अंश इथे दहापटीहून अधिक भरतो. पण या भीतीवरचा उपाय मोजमाप हा आहे. टेस्ट किटने त्याच दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस अमोनिया तपासावा. तो शून्यच राहिला, तर टँकने ते ओझे पेलले असे समजावे. वाढताना दिसला, तर तेवढ्याच क्षारतेचे आणि तापमानाचे पाणी घालून पाव भाग पाणी बदलावे आणि मग शव शोधावे. टँक अगदी नवा असेल किंवा लहान टँकमधला मोठा मासा हरवला असेल, तर मात्र शोधाला उशीर करू नये.

दुसरा आक्षेप खुनाचा. माशाच्या शवाला लोंबकळणारे किडे दिसले, की तेच मारेकरी ठरतात. हा आरोप गिधाडावर शिकारीचा आळ घेण्यासारखा आहे. दगडातून नकळत आलेली मँटिस श्रिंप किंवा बॉबिट वर्म खरोखरच मासे मारतात. धडधाकट मासे रात्रीतून एकामागून एक नाहीसे होऊ लागले, तर संशय तिकडे वळवावा. पण शव हाती लागले, तर आधी अंग नीट पाहावे. मिठाच्या कणांसारखे ठिपके मरीन इक या रोगाकडे बोट दाखवतात. पिठासारखा बारीक थर आणि मरण्यापूर्वीची धाप वेल्व्हेट या रोगाकडे. वीज जाऊन पंप तासन्‌तास बंद पडले आणि एकदम तीन-चार मासे गेले, तर कारण बहुधा प्राणवायूचा तुटवडा. निदान महत्त्वाचे, कारण इक आणि वेल्व्हेट या दोन्ही रोगांवर वापरले जाणारे तांब्याचे औषध कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांचा जीव घेते. म्हणून उरलेले मासे वेगळ्या टँकमध्ये हलवून तिथे उपचार करावे लागतात आणि मूळ टँक सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो.

एक मासा गेला म्हणजे टँक हातचा गेला असे नव्हे. टँकवर जाळीचे झाकण बसवा, नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवा आणि रोज खाद्य टाकताना मासे मोजा. त्या मोजणीत एक कमी भरला, तर दगडाला हात लावण्याआधी टेस्ट किट काढा.