कडेचा पिक्सेल

1985 सालची गोष्ट. अमेरिकेत जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि एका वाहनतळावर पळायला, उड्या मारायला सांगितलं. समोर व्हिडिओ कॅमेरा सुरू होता. चार वर्षांनी, 1989मध्ये, हाच डेव्हिड ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळातला राजपुत्र होऊन अ‍ॅपल टू संगणकाच्या पडद्यावर धावू लागला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या संगणक क्लासांमधून ज्यांनी तो खेळ खेळला, त्यांना राजपुत्राचं घसरत थांबणं आणि कड्याला बोटांनी लोंबकळणं अजून आठवत असेल.

ती हालचाल खरी वाटायची, कारण माणूस खरा होता. अडचण होती ती माणसाच्या मागे दिसणाऱ्या जगाची. गाड्या, भिंती, आकाश यांतलं काहीच खेळात नको होतं. मेकनरने चित्रफीत टीव्हीवर थांबवून थांबवून एकेका चौकटीचे फोटो काढले. धुऊन आलेल्या फोटोंवर डेव्हिडच्या भोवतीचा भाग मार्करने काळा केला, त्याचं अंग व्हाइटनरने पांढरं केलं, त्यांच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या झेरॉक्स पुन्हा कॅमेऱ्यातून संगणकात उतरवल्या. आज एका क्लिकमध्ये होणारं काम त्याने मार्कर आणि व्हाइटनरने, चित्रामागून चित्र, हाताने केलं.

हे करावं लागतं, कारण संगणक चित्र ठेवतो ते चौकोनात. चित्र म्हणजे पिक्सेलच्या आडव्या-उभ्या ओळी. राजपुत्र असो, झाड असो की बंदुकीची गोळी, प्रत्येक गोष्ट चौकोनी तुकड्यातूनच येते. तो तुकडा जसाच्या तसा खेळात ठेवला, तर पासपोर्टचा फोटो निसर्गचित्रावर डकवल्यासारखा दिसतो. म्हणून चित्रासोबत आणखी एक माहिती लागते: यातले कोणते पिक्सेल रंगवायचे आणि कोणते सोडून द्यायचे. जुन्या खेळांमध्ये यासाठी ‘मास्क’ नावाचं दुसरं काळं-पांढरं चित्र जोडीला असे. दारात रांगोळीचा छाप ठेवला की भोकं आहेत तिथेच रंग पडतो, बाकी फरशी कोरी राहते. मास्कचं काम नेमकं तेच.

रंगवायचं की सोडायचं, या शून्य-एकच्या हिशेबातून मेकनरने एक पात्रही घडवलं. अ‍ॅपल टूची मेमरी संपत आली होती आणि राजपुत्राला प्रतिस्पर्धी हवा होता. नव्या चित्रांना जागा नव्हती. तेव्हा राजपुत्राचंच चित्र किंचित सरकवून स्वतःशीच ताडून पाहायचं, दोन्ही ठिकाणी सारखं असेल तिथे काही दाखवायचं नाही आणि वेगळं असेल तिथे ठिपका उमटवायचा, अशी युक्ती त्याने केली. पडद्यावर उमटली ती राजपुत्राची लखलखती, आतून पोकळ सावली. आरशातून बाहेर पडणारा तो ‘शॅडो मॅन’ एकही नवं चित्र न काढता जन्मला.

वेगळ्या मास्कऐवजी पारदर्शकता रंगांच्या आकड्यांतच बसवण्याचीही रीत होती. जपानमध्ये निन्तेंदो कंपनीने 1983 साली फॅमिकॉम हे घरगुती खेळयंत्र आणलं. त्यात हलणाऱ्या चित्राला, म्हणजे स्प्राइटला, प्रत्येक पिक्सेलमागे फक्त दोन बिट मिळत. दोन बिटांत चार आकडे बसतात: शून्य, एक, दोन, तीन. त्यातला शून्य पारदर्शकतेसाठी राखीव होता. उरले तीन रंग. 1985च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला छोटा मारिओ 16 बाय 16 पिक्सेलचा आहे आणि त्याचे रंग मोजले तर तीनच भरतात. केस, मिशी, डोळा, शर्ट आणि बूट यांना एकच तपकिरी छटा. टोपी आणि डांगरी लाल. तिसरा रंग कातडीचा. चारपैकी एक जागा ‘काहीच नाही’ला देऊन टाकली, म्हणून तर मारिओ चौकोनातून मोकळा झाला. 1987च्या ‘मेगा मॅन’मध्ये कॅपकॉमच्या कलाकारांना तीन रंग पुरेनात, तेव्हा त्यांनी नायकाचा चेहरा वेगळा स्प्राइट करून अंगावर बसवला. पहिल्या चित्रातून दुसरं दिसतं, या गुणाचा इतका चपखल उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

पुढे रंग वाढले आणि शून्याच्या जागी एक रंगच बळी देण्याची पद्धत आली. भडक गुलाबी, मॅजेंटा. लाल पूर्ण, निळा पूर्ण, हिरवा शून्य. आकड्यांत 255, 0, 255. कातडी, माती, पानं, आकाश यांत हा रंग जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून तो निवडला. चित्रकाराने रिकामी जागा या गुलाबीने भरायची आणि प्रोग्रामने तो रंग दिसला की पुढे सरकायचं. हौशी खेळकर्त्यांच्या लाडक्या ‘अलेग्रो’ या प्रोग्रॅमिंग लायब्ररीत हाच गुलाबी ठरलेला होता.

मात्र या पद्धतीत मधलं काही नाही. पिक्सेल एक तर आहे, नाहीतर नाही. त्यामुळे गोल कडेला पायऱ्या दिसतात. त्या घालवायला कड मऊ केली, तर तिथे पात्राचा रंग गुलाबीत मिसळतो. तो ना धड गुलाबी, ना धड पात्राचा. प्रोग्राम त्याला ओळखत नाही आणि पात्राभोवती गुलाबी झालर उरते. चित्र जेपेगमध्ये साठवलं तरी हीच गत होते, कारण जागा वाचवताना जेपेग शेजारच्या रंगांत थोडाफार फेरफार करतो.

यंत्राला अर्धपारदर्शकता जमत नसताना कलाकारांनी ती डोळ्यांकडून करवून घेतली. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या खेळयंत्रावर 1991 साली आलेल्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधले धबधबे आरपार दिसतात. प्रत्यक्षात ते उभ्या पट्ट्यांचे आहेत: एक ओळ पाण्याची, एक ओळ मोकळी. त्या काळचा टीव्ही साध्या कंपोझिट केबलवर शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळून टाकी आणि पाण्यामागचा डोंगर दिसे. आजच्या स्वच्छ पडद्यावर तोच खेळ लावला, की धबधब्याच्या जागी कंगवा दिसतो.

खरं उत्तर त्याच्याही आधी, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये 1977च्या सुमारास सापडलं होतं. एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ तिथे संगणकावर चित्रपट करण्याच्या ध्यासाने काम करत होते. एकच वस्तू निरनिराळ्या पार्श्वभूमींवर ठेवायची, तर दर वेळी सगळं चित्र नव्याने मोजावं लागे. त्यांनी लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांना चौथा जोडला: हा पिक्सेल किती झाकतो? या आकड्याला त्यांनी अल्फा म्हटलं, कारण दोन चित्रं मिसळण्याच्या सूत्रात ते ग्रीक अक्षर आधीपासून होतं. आकाशकंदिलाच्या जिलेटिन कागदातून दिवा जसा थोडा अडतो आणि थोडा पार होतो, तसं आता पिक्सेलला करता येऊ लागलं.

हिशेब अगदी सोपा आहे. पानाच्या कडेचा पिक्सेल चौथाई झाकतो. पानाचा हिरवा 160, मागच्या भिंतीचा 80. मग 160चा चतुर्थांश 40, 80चे तीन चतुर्थांश 60, बेरीज 100. भिंत बदलली की उत्तर बदलतं, पान तेच राहतं.

1984मध्ये लुकासफिल्ममधल्या टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी या मिश्रणाचं संपूर्ण गणित एका निबंधात मांडलं. त्यातली एक सूचना खेळ बनवणाऱ्यांना फार उशिरा पटली: रंग साठवतानाच तो अल्फाने गुणून ठेवावा. हे किरकोळ वाटेल, पण खेळांमधल्या अर्ध्याअधिक कुरूप कडा याच एका दुर्लक्षातून येतात. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंग असतो. तो फक्त दिसत नाही. अनेकदा तो पांढरा असतो, कारण चित्र पांढऱ्या कागदावर सुरू झालेलं असतं. खेळात चित्र लहान-मोठं होताना ग्राफिक्स कार्ड शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतं. कडेला रंग 60 आणि शेजारी दडलेला पांढरा 255. सरासरी जवळजवळ 158. झाडाच्या काळपट पानाभोवती पांढरी रेघ उमटते. रंग आधीच गुणून ठेवला असता, तर दडलेला 255 शून्य झाला असता, सरासरी 30 आली असती आणि अर्ध्या झाकलेल्या 60चं बरोबर उत्तर तेच आहे. युनिटी या खेळ बनवण्याच्या साधनातलं ‘अल्फा इज ट्रान्स्परन्सी’ किंवा तशाच गोडोमधलं ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ हे पर्याय याच रोगावरचे इलाज आहेत: कडेचा रंग ते पारदर्शक भागात पसरवून ठेवतात.

कॅटमल, स्मिथ, पोर्टर आणि डफ या चौघांना 1996 साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला पीएनजी हे चित्रस्वरूप वेबचं अधिकृत मानक झालं. गिफमध्ये एकच रंग पारदर्शक ठरवता येई. पीएनजीत अल्फाच्या 256 पायऱ्या आल्या. कुणाच्या पेटंटच्या कचाट्यात न सापडणारं हे स्वरूप आज बहुतेक छोट्या खेळकर्त्यांचा आधार आहे.

1996चीच आणखी एक गोष्ट. स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी एका निबंधात दाखवून दिलं, की एकाच चित्रावरून पार्श्वभूमी अचूक काढणं गणिताने शक्यच नाही. ज्ञात आकडे तीन आणि अज्ञात चार. काहीतरी गृहीत धरावंच लागतं. आज वापरात असलेली, 2020च्या यू-स्क्वेअर-नेटसारख्या प्रारूपांवर चालणारी पार्श्वभूमी काढण्याची साधनं हेच करतात. ती अंदाज बांधतात. खुर्ची, बूट, फळ यांचा अंदाज झकास जमतो. केस, धूर आणि काच आली, की जुन्या भिंतीचा रंग कडेत तसाच राहतो.

स्मिथ-ब्लिन यांच्या त्याच निबंधात सुटकेची वाटही आहे, आणि ती अजून फारशी वापरली जात नाही याची खंत वाटते. कॅमेरा आणि प्रकाश न हलवता तीच वस्तू दोन पार्श्वभूमींवर टिपायची. एकदा काळ्या, एकदा पांढऱ्या. समजा एका पिक्सेलचं मूल्य पांढऱ्यावर 180 आणि काळ्यावर 52 आलं. फरक 128, म्हणजे 255च्या जवळजवळ निम्मा. पिक्सेल अर्धा आरपार आहे आणि त्याचा मूळ रंग 52च्या दुप्पट, 104. अंदाज कुठेच नाही. ब्लेंडरसारख्या त्रिमिती प्रोग्राममध्ये अल्फा थेट मिळतो. पण घरातली काचेची बरणी किंवा साडीचा झिरझिरीत पदर खेळात आणायचा असेल, तर ही रीत हाताशी ठेवावी.

पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, सोलापुरात आज कितीतरी मुलंमुली स्वतःचे खेळ बनवत आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे: नेटवरून उतरवलेल्या चित्रामागे राखाडी-पांढरी चौकडी दिसली म्हणून ते पारदर्शक समजू नका, अनेकदा ती चौकडी रंगवलेलीच असते. मूळ चित्र थरांसकट जपून ठेवा. आणि प्रत्येक पात्र खेळात घालण्याआधी काळ्या, पांढऱ्या आणि भडक हिरव्या पडद्यावर ठेवून, चौपट मोठं करून, त्याची कड सावकाश तपासा.