संपातून उभं राहिलेलं धरण

कोरेगावहून वर्धनगड घाट ओलांडून पुसेगावला गेलं की येरळा भेटते. या नदीची एक गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यात सातारा-सांगलीकडचे कितीतरी होते. पगार बंद, म्हणून माणसं गावाकडे परतली. आणि गावात दुष्काळ!

येरळेकाठच्याच खानापूर तालुक्यात या कामगारांनी, शेतकऱ्यांनी आणि कासेगावच्या डॉ. भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ चळवळीत आलेला हा माणूस. त्यांच्या आई इंदुताई परित्यक्ता बायकांच्या हक्कांसाठी लढल्या, पत्नी गेल ऑम्वेट अमेरिकेतून येऊन इथल्याच झाल्या.

ठेकेदार येरळेची वाळू उपसत होते, विहिरी आटत होत्या. लोकांनी तो उपसा अडवला. मग मोजकीच वाळू स्वतः विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं आणि बळवडी-तांदुळवाडीजवळ बळीराजा स्मृती धरण बांधलं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती पाणीवाटपाची अट. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, कुटुंबावर! भूमिहीनालाही वाटा. स्वतःचं रान नसेल तर दुसऱ्याचं वाट्यानं करायचं आणि आपल्या हक्काचं पाणी तिथं वापरायचं. पुढे आटपाडीकडे समन्यायी पाणीवाटपाचा लढा याच विचारावर उभा राहिला.