घरातलं नेटवर्क (भाग ६) : राउटरच्या पाठीमागचा यूएसबी पोर्ट

मागच्या भागात आपण राउटरची जागा ठरवली, त्याचं सेटिंगचं पान उघडलं आणि कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला. आज राउटर फिरवून त्याची मागची बाजू पाहू. बऱ्याच राउटरना तिथे किंवा कडेला एक यूएसबी पोर्ट असतो. घरोघरी तो एक तर रिकामा असतो, नाही तर मोबाइल चार्ज करायला वापरतात. घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी ठेवणं, टीव्हीवर जुने व्हिडिओ लावणं, कुठल्याही लॅपटॉपवरून प्रिंट काढणं ही कामं त्या एका पोर्टातून होऊ शकतात.

मात्र केबल खोचली की सगळं आपोआप चालतं, असं नाही. काही वस्तू तिथे छान चालतात, काही अर्धवट, तर काही अजिबात नाहीत. यामागचं कारण एकदा समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

यूएसबीला मालक एकच

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. त्या रचनेचा मूळ नियम असा की, केबलच्या एका टोकाला हुकूम देणारा संगणक आणि दुसऱ्या टोकाला ऐकणारी वस्तू. पेनड्राइव्ह, प्रिंटर, कीबोर्ड स्वतःहून बोलायला सुरुवात करत नाहीत. संगणकाने विचारलं की उत्तर देतात. एका वस्तूला एका वेळी एकच मालक. दोन लॅपटॉपनी एक हार्ड डिस्क थेट वाटून घ्यायची सोय या रचनेत नाहीच.

इथे राउटर कामाला येतो. राउटर हा स्वतः एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि बहुतेक राउटरमध्ये लिनक्सवर बांधलेली प्रणाली चालते. आपण डिस्क राउटरला लावतो, तेव्हा त्या डिस्कचा मालक राउटर होतो. घरातले बाकीचे संगणक, फोन आणि टीव्ही डिस्कशी बोलत नाहीत. ते राउटरशी बोलतात. राउटर आपल्या वतीने काय काय करू शकतो, यावर सगळं ठरतं. त्याच्याकडे तीन वाटा आहेत : फाइल वाटणं, प्रिंटरकडे काम पोचवणं आणि सबंध यूएसबी वस्तूच नेटवर्कवरून दुसरीकडे जोडून देणं.

पहिली वाट : फाइल

ही सगळ्यांत पक्की वाट. राउटर डिस्क वाचतो आणि तिच्यावरचे फोल्डर विंडोजला समजणाऱ्या एसएमबी या पद्धतीने नेटवर्कवर मांडतो. लिनक्सच्या जगात हे काम सांबा नावाचा मुक्त प्रोग्रॅम करतो. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहायला घेतला. पुढे अनेकांनी मिळून तो वाढवला. म्हणून आज साध्या घरगुती राउटरलाही फाइल सर्व्हरचं काम जमतं.

करायचं असं. डिस्क लावा. राउटरच्या पानावर यूएसबी किंवा स्टोरेज नावाचा विभाग उघडा. तिथे एक वापरकर्ता तयार करा, त्याला पासवर्ड द्या आणि कोणता फोल्डर दिसावा ते ठरवा. मग विंडोजच्या फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे राउटरचा पत्ता लिहा. तो बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नाव-पासवर्ड दिला की फोल्डर उघडतो. फोनवर एसएमबी समजणारं कुठलंही फाइल मॅनेजर ॲप चालतं.

पासवर्ड द्यायला कंटाळू नका. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विनापासवर्डचे फोल्डर सहसा उघडतच नाहीत. ‘कालपर्यंत दिसणारी डिस्क अपडेटनंतर गायब झाली’ या तक्रारीचं कारण अनेकदा हेच असतं. दुसरं कारण एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीचं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने याच आवृत्तीतल्या दोषाचा फायदा घेऊन जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात बंदच असते. काही जुने राउटर मात्र तेवढीच भाषा जाणतात. अशा वेळी इंटरनेटवर ‘विंडोजमध्ये ती सुरू करा’ असा सल्ला मिळतो. कृपया तसं करू नका. राउटरचं फर्मवेअर अपडेट करून पाहा; नाही जमलं तर तो राउटर या कामासाठी म्हातारा झाला असं समजा.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे, यालाही महत्त्व आहे. फॅट३२ जवळपास सगळे राउटर वाचतात. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, म्हणजे लग्नाचा अखंड व्हिडिओ मावत नाही. एक्सफॅट अनेक जुन्या राउटरना वाचता येत नाही. सर्वसाधारण घरासाठी एनटीएफएस बरी : बहुतेक राउटर ती ओळखतात आणि डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली तरी अडचण येत नाही.

टीव्हीसाठी राउटरच्या पानावर मीडिया सर्व्हर किंवा डीएलएनए असा पर्याय असतो. तो चालू केला की टीव्हीच्या इनपुटच्या यादीत राउटरचं नाव दिसू लागतं. राउटर व्हिडिओ जसाच्या तसा पाठवतो, बदलून देत नाही. टीव्हीला त्या प्रकारची फाइल समजत नसेल, तर दोष राउटरचा नसतो.

वेग, वीज आणि वायफाय

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइट मिळाले तरी उत्तम. स्वस्त राउटरचा प्रोसेसर तर त्याच्याही आधी दमतो. राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे असतील, तर केबलवरून सेकंदाला १२ मेगाबाइटच्या वर काहीच जाणार नाही. हिशेब करून पाहा : सेकंदाला १० मेगाबाइट मिळाले, तर ५० जीबी फोटो चढवायला ५,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळपास दीड तास. म्हणून पहिला मोठा साठा डिस्क लॅपटॉपला थेट लावून भरा आणि मग ती राउटरला जोडा. रोजची थोडीथोडी भर किंवा सिनेमा पाहणं यासाठी हा वेग पुरेसा आहे.

विजेचं गणित अनेकांच्या लक्षात येत नाही. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. फिरत्या चकतीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो. तो मिळाला नाही की डिस्क टकटक आवाज करते, दिसते आणि नाहीशी होते. असा आवाज आला तर लगेच काढा. स्वतःचा अॅडाप्टर असलेली डिस्क किंवा अॅडाप्टरवाला हब वापरा.

लाईट जाण्याचाही विचार हवा. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर ती फाइल, कधीकधी सगळा फोल्डर खराब होतो. आता अनेक घरांत राउटरसाठी छोटा यूपीएस असतो. तो घेताना राउटरसोबत डिस्कचाही भार धरा, नाही तर ऐन वेळी दोन्ही बंद पडतील. डिस्क काढतानाही आधी राउटरच्या पानावरून ती सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय दाबा, मग केबल ओढा.

आणि एक अनपेक्षित गोष्ट. यूएसबी ३.० ची डिस्क लावल्यावर वायफाय मंदावलं, असं झालं तर तो भास नाही. यूएसबी ३.० च्या विद्युत लहरींचा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला त्रास होतो, हे इंटेलने २०१२ सालच्या एका तांत्रिक निबंधात मोजून दाखवलं आहे. काही राउटरच्या सेटिंगमध्ये हा पोर्ट यूएसबी २.० वर चालवण्याची सोय असते. नाही तर डिस्क जरा लांब ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा.

दुसरी वाट : प्रिंटर

इथे राउटर पोस्टमनचं काम करतो. लॅपटॉप पान तयार करतो, राउटरकडे पाठवतो, राउटर ते प्रिंटरला देतो. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना टीसीपी/आयपी पत्त्याचा पर्याय निवडून राउटरचा पत्ता द्यायचा आणि ड्रायव्हर प्रिंटरचा स्वतःचा घालायचा. बऱ्याच राउटरवर हे काम ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं.

ही वाट बहुतेक वेळा एकतर्फी असते. त्यामुळे ‘ऑल-इन-वन’ यंत्राचं प्रिंटिंग चालतं, स्कॅनर चालत नाही आणि शाई किती उरली तेही कळत नाही. काही प्रिंटर तर या वाटेने चालतच नाहीत. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत दिसणारा एचपी लेझरजेट १०२० घ्या. तो आपलं फर्मवेअर स्वतःजवळ कायम ठेवत नाही. दर वेळी चालू झाला की संगणकाने ते त्याला यूएसबीवरून पाठवायचं असतं. साधा राउटर ते पाठवत नाही, म्हणून दिवे लागतात पण कागद हलत नाही. प्रिंटर बिघडलेला नसतो, राउटरही नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेल्या राउटरवर एक छोटी स्क्रिप्ट ते फर्मवेअर पाठवू शकते; पण ते हौशी मंडळींचं काम आहे. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल, तर वायफायवाला घ्या आणि हा खटाटोप टाळा.

तिसरी वाट : सबंध वस्तूच नेटवर्कवर

स्कॅनर किंवा डोंगल यांसाठी फाइल पाठवून भागत नाही. तिथे यूएसबीचा सगळा संवादच नेटवर्कवरून न्यावा लागतो, म्हणजे लॅपटॉपला वाटावं की वस्तू आपल्यालाच लावली आहे. जपानमधल्या नारा विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली यूएसबी/आयपी ही पद्धत मांडली आणि पुढे ती लिनक्सच्या गाभ्यात आली. घरगुती राउटरमध्ये याच कामासाठी तैवानच्या केकोड्स कंपनीचं नेटयूएसबी अनेक कंपन्या वापरत आल्या. एका वेळी एकच मालक हा मूळ नियम इथेही सुटत नाही : एकाने स्कॅनर घेतला की दुसऱ्याने थांबायचं.

या वाटेवर जपून चालावं लागतं. २०१५ साली नेटयूएसबीत एक गंभीर दोष सापडला. जोडू पाहणाऱ्या संगणकाचं नाव ६४ अक्षरांपेक्षा मोठं दिलं, की राउटरच्या गाभ्यातली मेमरी बिघडवता येत होती. जानेवारी २०२२ मध्ये त्याच प्रोग्रॅममधला आणखी एक दोष जाहीर झाला. दोन्ही वेळी दुरुस्त्या आल्या, पण त्या फर्मवेअर अपडेट करणाऱ्यांनाच मिळाल्या. वापर नसेल तर हा पर्याय बंद ठेवा. डिजिटल सहीचं टोकन तर वाटून घेण्याची वस्तूच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार आपली खासगी की आपल्याच ताब्यात राहील, याची काळजी घेणं ही सहीच्या मालकाची जबाबदारी आहे.

घराबाहेर दार उघडू नका

राउटरच्या पानावर ‘बाहेरून पाहा’, ‘क्लाउड’, ‘एफटीपी’ असे मोहात पाडणारे पर्याय असतात. २०१४ साली अमेरिकेत काय झालं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. असूसच्या राउटरमधल्या त्रुटी वापरून हल्लेखोरांनी १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या राउटरला जोडलेल्या डिस्कपर्यंत प्रवेश मिळवला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण हातात घेतलं आणि २०१६ साली कंपनीने तडजोड मान्य केली. घरातले फोटो, आधार-पॅनच्या प्रती, बँकेची कागदपत्रं आपण विश्वासाने त्या डिस्कवर ठेवतो. ती इंटरनेटवर उघडी राहता कामा नयेत. बाहेरून पाहण्याची सोय बंदच ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. राउटरचा यूएसबी पोर्ट घरातली सामायिक जागा म्हणून फार उपयोगी आहे, पण एकमेव साठा म्हणून नाही. तिथे एकच डिस्क असते, ती दिवसरात्र चालू राहते आणि कधी तरी बंद पडणारच. मुलांच्या लहानपणाचे व्हिडिओ, गेलेल्या माणसांचे आवाज पुन्हा मिळत नाहीत. त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात असायलाच हवी.

या आठवड्यात एवढं करा : पोर्ट २.० आहे की ३.० ते पाहा, घरातला जुना पेनड्राइव्ह लावून एक फोल्डर पासवर्डसह उघडा आणि तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर दिसतो का ते तपासा. पुढच्या भागात पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय कसं करायचं आणि पाहुण्यांना हाच फोल्डर दिसणार नाही याची खात्री कशी करायची, ते पाहू.